दहापैकी सात

हलमध्ये, हॉल्डरनेस रोडवरच्या धर्मादाय दुकानात
किटली आणि चमच्यांच्या मधे पडलेली कॅसेट. चार पौंड.
फुंकर मारली, पेन्सिल सेल घातले. चालली.

चित्रं: शेवाळाच्या चार छटा. अंतराळही हिरवंच.
आवाज: डब्यात अडकलेली माशी.
नकाशा नाही; गॅसच्या बिलामागे मीच काढत गेलो
भुयारं, लिफ्ट, आम्लात मेलो त्या जागा.
वीराला वाकता येत नाही. उडी मात्र अशी
की खाली यायचं विसरावं.
नावाला चारच इंग्रजी अक्षरं. विश्वंभर मावला नाही,
'विश' झालो, ऑफिसातल्यासारखा.

इथवर परीक्षण लिहून झालं, तेव्हा दिसलं:
खालच्या खणात कुणी ग्लेन.
एकोणीस तास. एक प्राण शिल्लक.
उघडलं. शेवटच्या दारासमोर उभा होता,
हातात किल्ली.

जेवायला हाक आली असेल,
किंवा शाळा संपून गोदीवर काम लागलं असेल.
कॅसेटच्या पोटातली बॅटरी कधीही जाईल,
तिच्यासोबत हाही.
एकच बटण दाबायचं होतं.
नाही दाबलं.

सात लिहिले होते, तेच ठेवतो.
शेवट पाहिलेला नाही,
हेही नमूद करतो.