समास

लोटलीकरांनी टेबलावर सहा पुस्तकं ठेवली,
सातवी डायरी, फुकट.
"मॅडम, ह्याला चाळीस टक्के सूट,
आणि ह्याच्या मागे सगळी उत्तरं आहेत."
दोनला विभागाची बैठक. तोवर एक निवडायचं,
पहिल्या वर्षाला, अगदी अ आ इ पासून.

एकात अ‍ॅरे समजवायला
हिरवळीवरच्या टपालपेट्या, घरापुढे एकेक.
माझ्या वर्गात साठ जण, हिरवळ कुणाच्याच दारात नाही.
जिन्याखालचे विजेचे मीटर चालले असते,
ओळीने, नंबर घातलेले, एखादा कापलेला.
दुसऱ्याने शून्यापासून मोजण्यावर
चार पानं झिजवलीत.
भांडुपचं पोरगं लिफ्टमध्ये शून्य दाबतं
आणि तळमजल्यावर उतरतं, न शिकता.
चौथं जाडजूड, नऊशे पंच्याण्णव.
एवढ्यात सिलिंडर येतो,
आणि तो निदान शेवटपर्यंत वापरला जातो.

मग लायब्ररीत गेले. चुरींना म्हटलं,
जुनी काढा, फाटकीच.
नाक मुरडत त्यांनी चार आणली.
मी उघडली नाहीत. मिटलेलीच उभी केली,
पानांची कड माझ्याकडे.
बोटांचा मळ, काळी रेघ.
एकावर वीस पानांपर्यंत, पुढे पांढरंफेक.
एकावर मधेच एक पट्टा, परीक्षेपुरता.
एकावर निम्म्यापर्यंत, मग तुटक तुटक,
कुणी धापा टाकत जिना चढावा तशी.

ते उघडलं.
इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीने:
व्हेरिएबल, डबा. लूप, पाढे.
पॉइंटर, पत्ता.
आणि बाजूच्या समासात, बारीक अक्षरात,
'पत्ता आहे, पण घरच पाडलं असेल तर?'

खाली उत्तर नाही.
पुस्तकाला स्वतःला तो प्रश्न सुचायला
अजून दीडशे पानं होती.
स्लिपवर नाव: हेमांगी टावरे, अकरा वर्षांपूर्वी.
मीच शिकवलं असणार.
चेहरा आठवेना.

बैठकीत म्हटलं, हेच.
"छपाई केव्हाच बंद झाली त्याची," सर म्हणाले,
"ह्या सहांतलं बोला."
मी सहाही उघडली, मजकूर न वाचता,
बोटाने मोजत गेले कडेची कोरी जागा.
पाचव्यात अडीच बोटं भरली.

हे, म्हटलं.
सरांनी इतिवृत्तात लिहिलं:
किंमत माफक, म्हणून एकमताने.