विहीणबाईंची माती

दाबोळीला विमानतळावर विहीणबाईंची बॅग उघडली.
लोकरीचा सदरा, चहाचे डबे,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं
काळं, कोरडं, विटेएवढं ढेकूळ.
‘हे काय?’
नूलाबाई म्हणाल्या, ‘घर.’
मी घाईने पुढे झालो : माती आहे, साहेब. जळणारी.
त्याने हुंगलं, आणि जाऊ दिलं.

सावईवेऱ्याला न्हाणीच्या चुलीत,
नारळाच्या सोडणांवर, ते पेटेना पेटेना.
मग वास सुटला
आणि सात वर्षांपूर्वीचं क्लेअर
माझ्या पाठीशी येऊन उभं राहिलं :
फिंटन व्याही, गुडघ्यापर्यंत गमबूट,
माझ्या कानटोपीला हसणारे.
शेताच्या गडग्यावर हात ठेवून म्हणाले,
‘चुना नाही, चिखल नाही.
भोकांतून वारा जातो, म्हणून उभा आहे.’
म्हटलं, आमचाही असाच. फक्त तांबडा.
इंग्रजी दोघांचीही उसनी;
आजोबांची बोली त्यांना
शिव्यांपुरती आणि प्रार्थनेपुरती उरलेली.

त्यांनी ठेवलेलं नातीचं नाव : नीव.
रोमनमध्ये पाच अक्षरं.
‘शेवटची दोन कशाला?’ शाळेतला कारकून वैतागला होता.
आमच्या लिपीत दोनांत भागतं,
आणि हाक मारली की जीव निवतो.

ती फुंकणी घेऊन बसली, खोकली,
‘आजोबांचा वास येतोय,’ म्हणाली.
कुठल्या, ते कुणी विचारलं नाही.

पाणी तापलं.
राख कुठे ठेवावी, मला सुचेना.
विहीणबाईंनी पदर नसतानाही
खोचल्यासारखं केलं,
आणि तिनेच
चहाचं करपलेलं पातेलं घासायला घेतलं.