टाकी नंबर तीन

अवधानच्या वसाहतीतला रंगाचा कारखाना
बंद पडून अकरा वर्षं झाली,
तरी गेटपाशी निजणाऱ्या कुत्र्यांचे पाय
अजून जांभळे.
तीन टाक्या. दोन उपसल्या.
तिसरीचं झाकण कुणी उचलत नाही.

आत काय आहे, किती आहे,
ते न उघडता सांगायचं, एवढंच आमचं काम.

रेहाना पिंजारीनं टाकीखालच्या नळांच्या बोगद्यात
दोन पाट्या मांडल्या, काळ्या कापडात शिवलेल्या.
उजेडाला फट राहू नये म्हणून
शिलाई तिच्या आईनं दुहेरी घातलेली.
वरून म्युऑन येतात, ती म्हणाली,
तळहात पसर,
मिनिटाला शंभरेक आरपार जातील,
कुणाचा हात म्हणून विचारणार नाहीत.
गाळ दाट असेल तिथं थोडे अडकतील.
जे खाली पोचत नाहीत त्यांचा हिशेब तुझा.

म्हणजे न आलेल्यांची हजेरी.
गणितात याला उलटा प्रश्न म्हणतात:
सावली दिली आहे, वस्तू शोधा.
उत्तरं ढीगभर निघतात.
खरं असतं ते हात वर करत नाही.

उखर्डू अहिरे इथला जुना पंपवाला, आता रखवालदार.
पहिल्याच दिवशी पहार घेऊन
टाकीभोवती फिरला, ठोकत, कान लावत,
बाजारात टरबूज बघावं तसा.
"आठे भरेल शे. आठे बी भरेल शे."
मग वायव्येच्या कोपऱ्याशी थांबला.
पुन्हा ठोकलं.
"आठे मन्हं मन नही भरत."

मी वहीत लिहिलं नाही.
वहीत आकडे लिहायचे असतात.

एप्रिलात चव्वेचाळीस.
उन्हानं नळ्या वेडावल्या,
नसलेले कण मोजू लागल्या.
उखर्डूनं पाट्यांभोवती ओली गोणपाटं टांगली,
दर दोन तासांनी भिजवायला उठायचा.
एका रात्री मोजणी शून्य:
विश्वातले सगळे म्युऑन संपले नव्हते,
उंदरानं वायर कुरतडली होती.

एक्क्याण्णवाव्या दिवशी चित्र उमटलं.
पूर्वेला अकरा फूट गाळ.
वायव्येला, वाळलेल्या पपडीखाली,
बैलगाडी मावेल एवढी पोकळी.
रेहाना हळूच म्हणाली, वायू.
झाकण काढून कुणी पपडीवर पाय दिला असता तर.

उखर्डू पडद्याकडे बघत राहिला.
टाकी नंबर दोनमध्ये झिपरूला दोर बांधून उतरवलं होतं
साफसफाईला, ते साल त्याला आठवत नाही.
"दोर वर उना," तो म्हणाला.
"झिपरू नही उना."
तेव्हापासून तो सगळंच ठोकून बघतो,
घरचा माठसुद्धा.

निबंधावर तिसरं नाव त्याचं टाकायचं ठरलं.
नाव बदलून घालू का, असं मीच मूर्खासारखं विचारलं.
तो हसला. आधीची तीन लेकरं गेली,
म्हणून आईनं चौथं उकिरड्यावर ठेवलं
आणि शेजारणीकडून सव्वा रुपयात परत विकत घेतलं.
मरणानं बघावं आणि म्हणावं, कचरा आहे, राहू दे.
अजून तरी फसलंय ते. बदलू नका.

उलट्या प्रश्नाला सुरुवातीचा एक अंदाज द्यावा लागतो.
मी तिथं सगळीकडे सारखा गाळ धरला होता.
परवा रात्री सहज
उखर्डूची ठोकाठोक आठवून रकाने भरले,
भरेल, भरेल, मन नही भरत,
आणि गणित पुन्हा सोडलं.
एकोणीस दिवसांच्या मोजणीत तेच चित्र आलं.
एकोणीस.
बाकीचे बहात्तर दिवस
मी न लिहिलेल्या एका ओळीचे.

तेही निबंधात घातलं.
परीक्षकांचं पत्र आलंय:
प्रारंभीचा अंदाज कोणत्या उपकरणानं घेतला?
लांबी, वजन, धातू कळवावा.

उत्तर अजून गेलेलं नाही.
पहार घेऊन रेहाना
भुसार बाजारातल्या काट्यावर गेली आहे,
आणि उखर्डू तिच्या मागोमाग,
कारण ती कुणाला एकट्यानं द्यायची
त्याला सवय नाही.