तासिका तत्त्वावर

एक तास म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं,
असं मस्टरवर ठरलंय.
तेवढ्यात मी लिंक्ड लिस्ट शिकवते,
फळ्यावर बाण काढते: हा त्याच्याकडे बोट दाखवतो,
तो पुढच्याकडे,
शेवटचा कुणाकडेच नाही.

आदल्या रात्रीची तयारी तासात धरत नाहीत.
धायरी फाट्यावर बसची वाट बघणं नाही.
मे महिना तर नाहीच नाही.

पीएचडीचं काम ओट्याशेजारच्या टेबलावर चालतं.
मशीनला मराठी शिकवतेय.
गाळलेल्या जागा भरायला देते, चौथीत देतात तशा.
नर्स औषध ____
देते, म्हणालं.
प्राध्यापक वर्गात ____
शिकवतो, म्हणालं.
कुठून शिकलास रे हे?
उत्तर नाही, नुसती टक्केवारी:
सत्त्याण्णव पूर्णांक दोन.

प्राध्यापिका हा शब्द आहे की, गाइड म्हणाले.
आहे ना सर.
जाहिरातीत नसतो.

मग हातानं वाक्यं लिहायला घेतली.
प्राध्यापक गाळणी शोधतेय.
प्राध्यापक रिक्षावाल्याशी सुट्ट्यावरून भांडली.
प्राध्यापकांना ताप आहे, तरी त्या लॅब घेतायत.
(हे निलोफर तांबोळीचं, तिला न विचारता घातलंय.)
अकरा हजार चारशे झाली.
मशीन आता अडखळतं. तेवढंही पुष्कळ.

कायम जागेच्या मुलाखतीला समोर पाच जण.
एकानं फाइल उलटसुलट केली:
ही मधली तीन वर्षं कोरी कशी?
कोरी नव्हती, मुलाला दात येत होते,
हे मी म्हटलं नाही.
वैयक्तिक, म्हटलं.
दुसऱ्यानं चहा ढवळत विचारलं,
धायरीहून रोज जमेल का?
सात वर्षं जमतंय,
त्यांच्याच मस्टरवर माझ्या सह्या आहेत.

परवा हजेरीला शिक्रापूरची समिधा लांडे
सवयीनं म्हणाली, हजर, सर.
वर्ग फुटला. ती कानापर्यंत लाल.
असू दे, म्हटलं, मशीनचंही असंच होतं.
तास संपल्यावर ती थांबली, दप्तर छातीशी धरून.
मॅम, मशीनची सवय मोडायला
किती वाक्यं लागतात?

ती वीस मिनिटं कुठल्याच तासात बसली नाहीत.
रात्री फाइलमध्ये भरली,
अकरा हजार चारशे एक:
शिपाई दिवे घालवायला आला,
तरी प्राध्यापक बोलतच होती.