वाटची प्रार्थना

ग्युमरीत बर्फ अजून रस्त्यावरच.
शुशान जिना चढते, एका हातात कठडा,
दुसऱ्यात बार्लीचं सूप, फडक्यात बांधलेलं.

दार उघडंच. लुसिने भिंतीकडे तोंड करून.
नवऱ्याचे बूट उंबऱ्याशी, चिखलासकट.

शुशान बूट हलवत नाही.
भूकंपानंतर कुणीतरी तिच्या लेकाचं दप्तर
आवरून ठेवलं होतं, चांगल्या मनानं.
छत्तीस वर्षं झाली. अजून टोचतं.

‘देवाची इच्छा’ असंही म्हणत नाही.
तेव्हा तिच्या ओठांवर प्रार्थना येईना,
तर शेजारची आंधळी वार्तुही
रोज येऊन तिच्या वाटची म्हणायची,
मग चाचपडत बटाटे सोलायची.

शुशान खुर्ची ओढते,
क्रुसाची खूण करते, दोघींच्या वाटची.
सुरी सापडते.
“बटाटे कुठे ठेवतेस गं?”