एकास चोवीस

उद्यमनगरात, जिनेंद्रच्या लेथवरच्या माळ्यावर
रविवारी आम्ही पाचजण. थिनरचा वास, गार झालेला चहा.
बागवान गुजरीतनं आणलेल्या चिमट्यानं
काडेपेटीएवढ्या फियाटला वायपर लावतोय,
श्वास रोखून.

माझी वडापची जीप. गगनबावडा लाइन.
टपावरचा कॅरियर तांब्याच्या तारेचा,
मडगार्डचा पोचा मेणबत्तीवर धरून काढलेला.
लाल माती साळवणच्या वळणावरची,
मलमलीतनं दोनदा गाळलेली.
"दाणा मोठा दिसतोय," जिनेंद्र म्हणाला,
"ह्या मापात ह्यो धोंडा झाला की रं."
परत गाळली.

मग भिंगातनं बघत बागवान:
"ड्रायव्हरची सीट उजव्या कडेलाच का झिजवलीस?
मधी तर कोरी करकरीत."

पुढं चौघं बसायचे.
आबा अर्धे दाराबाहेर,
एक मांडी वाऱ्यावर.
एकोणीस वर्षं.

खाली कुणीतरी लेथ बंद केला.
जिनेंद्रनं दिवा जवळ सरकवला,
हजार नंबरच्या पॉलिशपेपरचा
नखाएवढा तुकडा फाडून दिला.

"मग दाराची वरची पट्टी पण घास.
हात तिथंच असणार त्यांचा."