पट्टा पडल्यावर

साहेबांच्या तक्त्यात महिने बारा, हप्ते बारा.
जमकाबाई म्हणाली,
तांड्यावर वर्ष सहाच महिन्यांचं असतंय.
दिवाळी सरली की कोयते निघतात,
दाराला काटी लागते,
मग हप्ता काय कुत्र्यानं भरायचा?

लांब परळीची चिमणी धूर सोडत होती,
घराघरात रॉकेलची.

तिनं वहीत आपली रेघ ओढली:
दिव्याला रात्रीचे चार रुपये, पेटला तरच.
फडावर नेला तर पैसे पट्टा पडल्यावर.
बाळंतिणीच्या उशाशी असला
तर रकाना कोरा.

हा तोटा कुठं धरू, साहेबांनी विचारलं.

ती पॅनल पुसत होती पदरानं.
चिमणीची राख, म्हणाली, रोज बसतीय,
रोज पुसतोय आम्ही.
तेवढं धरा आधी.